बेस गिटार शिकताना बोटांऐवजी कानावर आणि लयीवर भर कसा द्यावा?

प्रश्न : खर्जवेडा

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षे मी चार तारांची बेस गिटार घरच्या घरी, शिकवणी न लावता शिकतो आहे. टॅब (कोणती तार कुठे दाबायची हे आकड्यांनी दाखवणारे लेखन) समोर ठेवून किंवा व्हिडिओ पाहून गाण्यातली बेसलाइन बसवणे मला जमते. उजव्या हाताची दोन बोटे आलटून-पालटून बऱ्यापैकी वेगाने चालतात, मेजर आणि मायनर स्केलच्या आकृत्या पाठ आहेत आणि थोडेफार स्लॅपही (अंगठ्याने तारेवर आघात करून वाजवणे) येते. अडचण वेगळीच आहे. चारजण एकत्र वाजवायला बसलेले असताना कोणी नुसत्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) सांगून ‘चला, सुरू करा’ म्हटले, की प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर ठोकत राहण्यापलीकडे माझी मजल जात नाही. पाठ केलेल्या स्केल त्या वेळी उपयोगी पडत नाहीत, आणि वापरल्याच तर बेसलाइन वाजते आहे असे न वाटता स्केलचा सराव चालला आहे असेच ऐकणाऱ्याला वाटते.

म्हणून यापुढे काही काळ नवी तंत्रे बाजूला ठेवून संगीतभान वाढवण्यावरच भर द्यावा असे ठरवले आहे. पण नेमके करायचे काय, हे उमगत नाही. बोटांच्या व्यायामांचे साहित्य ढिगाने मिळते. कान, लय आणि कॉर्डची समज वाढवण्याचा विषय निघाला, की ‘भरपूर ऐका’ एवढ्यावर बहुतेकांचे बोलणे संपते. रोज साधारण तासभर वेळ आहे असे धरले तर तो कशात घालवावा? स्केलचा सराव थांबवावा का? टॅब सोडून नोटेशन (पाच रेषांवरचे पाश्चात्त्य स्वरलेखन) वाचायला शिकणे बेसवादकाला खरोखर गरजेचे आहे का? आणि मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र) लावून नियमित वाजवूनही ड्रमरबरोबर बसल्यावर आपण त्याच्या मागे-पुढे होतो आहोत असे जाणवते, त्यावर उपाय काय? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रतिसाद : मंद्रसप्तक

खर्जवेडा, तुमच्या प्रश्नातच निम्मे निदान आलेले आहे. टॅबवरून वाजवताना कागदावरचा आकडा डोळ्यांतून थेट बोटांत उतरतो आणि कान सगळ्यात शेवटी, केवळ साक्षीला हजर राहतो. हा क्रम उलटा करणे म्हणजेच तुम्ही म्हणता ते संगीतभान वाढवणे. स्वर आधी मनात ऐकू यायला हवा, त्यानंतर बोटाने तो तारेवर शोधायला हवा. पुढचे सगळे सराव याच एका गोष्टीसाठी आहेत.

सुरुवात गाण्यापासून करावी. गळा चांगला असण्याची काहीच आवश्यकता नाही. ‘ए’ची मोकळी (बोटाने न दाबलेली) तार छेडावी, तिचा स्वर आपल्याला सोयीच्या सप्तकात गाऊन त्याला षड्ज मानावे, आणि मग बेसला हात न लावता पंचम गावा. गायल्यानंतरच तो पंचम तारेवर शोधून आपण बरोबर होतो की नाही ते पाहावे. पंचम पक्का झाला की शुद्ध गंधार, मग कोमल गंधार, मग कोमल निषाद असे पुढे जावे. सरगम येत असेल तर सरगममध्येच गावे. पाश्चात्त्य नावांनी म्हटल्याने कानाला काही जास्तीचे मिळत नाही.

या कामी बेस हे वाद्य फार सोयीचे आहे. सहा तारांच्या गिटारवर जी आणि बी या तारांमधले अंतर बाकीच्या तारांपेक्षा वेगळे पडते. बेसवर ई, ए, डी, जी या चारही तारा एकमेकींपासून सारख्याच, म्हणजे षड्ज-मध्यमाच्या अंतरावर लावलेल्या असतात. त्यामुळे कुठल्याही दोन स्वरांमधल्या अंतराची आकृती वाद्याच्या सगळ्या दांडीवर तीच राहते. पंचम शेजारच्या बारीक तारेवर दोन फ्रेट (दांडीवरची घरे) पुढे, वरचा षड्ज मधली एक तार सोडून पुढच्या बारीक तारेवर दोन फ्रेट पुढे, शुद्ध गंधार शेजारच्या बारीक तारेवर एक फ्रेट मागे आणि कोमल गंधार दोन फ्रेट मागे. ही भूमिती पाठ असण्यात गैर काही नाही, फक्त आकृती पाहून स्वर वाजवण्याऐवजी स्वर गाऊन आकृतीपर्यंत पोहोचायचे, एवढे पथ्य पाळावे.

आता स्केलबद्दल. स्केल टाकून देऊ नका, पण तासाभरातला मोठा वाटा कॉर्डच्या स्वरांना द्या. कॅरोल के या मूळच्या जॅझ गिटारवादक. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला ठरलेला बेसवादक आला नाही म्हणून त्यांनी बेस हाती घेतला आणि पुढे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमधल्या सर्वांत व्यग्र बेसवादकांपैकी एक झाल्या. शिकवतानाही त्यांचा सगळा भर स्केलऐवजी कॉर्डच्या स्वरांवर राहिला. यामागचे कारण साधे आहे. स्केलमधले सातही स्वर कागदावर समान दिसतात, प्रत्यक्ष कॉर्ड वाजत असताना मात्र त्यांतले तीन-चार स्वर स्थिर वाटतात आणि उरलेले त्यांच्याकडे ओढ घेतात. ही ओढ ज्याच्या कानाला कळत नाही, त्याची बेसलाइन स्केलच्या सरावासारखी वाटणारच.

एक उदाहरण घेऊ. सी, ए मायनर, एफ, जी, प्रत्येकी एक बार (चार मात्रांचा गट), संथ लयीत. या चार कॉर्ड फोनवर रेकॉर्ड करून त्या सतत फिरत राहतील अशी सोय करावी. पहिल्या काही आवर्तनांत फक्त मूळ स्वर वाजवावा, पूर्ण बारभर लांब. तुम्ही आज इथवर पोहोचलेलेच आहात. मग मूळ स्वर आणि पंचम घ्यावा. हे सोपे जाते, कारण पंचम मेजर आणि मायनर दोन्ही कॉर्डमध्ये तोच असतो आणि सहसा कुठेच खटकत नाही. त्यानंतर मूळ स्वर आणि तिसरा स्वर: सीवर ई, ए मायनरवर सी, एफवर ए, जीवर बी. इथे घाई करू नये, आठवडा गेला तरी चालेल. कॉर्ड मेजर की मायनर हे तिसरा स्वर ठरवतो, आणि तो नेमका लावता येऊ लागला की बेसलाइनला पहिल्यांदा चेहरा येतो.

यानंतर प्रत्येक बारची शेवटची मात्रा पुढच्या कॉर्डकडे जाण्यासाठी राखून ठेवावी. सीवरून ए मायनरकडे जाताना ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा बी घेऊन मोकळ्या एवर उतरावे. ए मायनरवरून एफकडे जाताना ईची मोकळी तार एकदा वाजवली की एफ अर्ध्या स्वरावरच उभा असतो. एफवरून जीकडे जाताना मधला एफ शार्प घ्यावा. तो सी मेजर स्केलमध्ये नाही, तरीही चुकीचा वाटत नाही, कारण ऐकणाऱ्याला तो कुठे निघाला आहे हे कळलेले असते. जीवरून परत सीकडे येताना पुन्हा बी. प्रत्येक वेळी हा शेवटचा स्वर वाजवण्याआधी तोंडाने म्हणावा. जो स्वर म्हणता येत नाही तो त्या दिवसापुरता वाजवूच नये, असा मी तरी कडक नियम ठेवीन.

आणखी एक प्रयोग अवश्य करावा, कारण बेसवादकाच्या हाती खरी सत्ता कोणती आहे ते त्यातून कळते. कीबोर्डवर किंवा गिटारवर सी, ई आणि जी हे तीन स्वर एकत्र, लांब धरून रेकॉर्ड करावेत आणि त्यांच्याखाली बेसवर एकेक स्वर लावून पाहावा. सी लावला तर कॉर्ड भक्कम बसते. ई लावला तर कॉर्ड सीच राहते, पण ती पाऊल उचललेल्या अवस्थेत असल्यासारखी वाटते. जी लावला तर काहीतरी सुटणे बाकी आहे असा ताण येतो. आणि ए लावला की कॉर्डच बदलते. वरच्या वादकाने एकही बोट न हलवता ती ए मायनर सेव्हन होते. मग सी, जी, ए मायनर, सी, एफ अशी कॉर्डची मालिका घेऊन तिच्याखाली नुसते सी, बी, ए, जी, एफ असे एकेक पायरी उतरत यावे. पाच लांब स्वर, तंत्र म्हणावे तर शून्य, आणि तरीही मूळ स्वरांच्या उड्यांपेक्षा ही ओळ कितीतरी अधिक गाती वाटते.

नोटेशनबद्दल नंतर लिहितो. लयीबद्दल माझ्यापेक्षा इथले इतर सभासद चांगले सांगतील.

प्रतिसाद : ठायलय

मंद्रसप्तक यांनी कोणता स्वर घ्यावा याबद्दल उत्तम लिहिले आहे. तो केव्हा सुरू व्हावा याचा विचार बहुतेकजण करतात, पण तो केव्हा संपावा हा प्रश्न फार थोड्यांना पडतो. माझ्या मते ड्रमरच्या मागे-पुढे असल्याची तुमची भावना बऱ्याच अंशी तिथून येत असावी.

करून पाहण्यासारखी गोष्ट अशी. मिनिटाला ८० च्या लयीत चार मात्रांचा साधा ड्रमचा ठेका लावावा, ज्यात किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर आणि स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर आहे. पहिल्या मात्रेवर किकबरोबर एक स्वर वाजवावा आणि स्नेअर पडताक्षणी तो डाव्या हाताचा दाब सैल करून बंद करावा. तिसऱ्या मात्रेवर पुन्हा तसेच. स्नेअरच्या आधी थांबला तर ठेका तुटक वाटतो आणि स्नेअरच्या पुढे रेंगाळला तर स्नेअर चिखलात पडल्यासारखा बोथट होतो. नेमका स्नेअरवर थांबला तर मात्र स्नेअर मोठा झाल्याचा भास होतो, जरी त्याचा आवाज कोणी वाढवलेला नसतो. त्यानंतर स्वर तोच ठेवून लांबी बदलावी: एकदा अर्धी मात्रा, एकदा दीड मात्रा, एकदा पुढच्या स्वराला भिडेपर्यंत सलग. एकाच स्वरावर, एकाच ठेक्यावर चार वेगळ्या चाली तयार झालेल्या ऐकू येतील. टॅबमध्ये ही माहिती सहसा नसते. तिथे फ्रेटचा आकडा मिळतो, स्वराची लांबी मिळत नाही.

मेट्रोनोमबद्दल म्हणाल तर बहुतेकजण तो प्रत्येक मात्रेवर वाजवत ठेवतात आणि त्याच्या मागून चालत राहतात. अशाने लय मेट्रोनोमची पक्की होते, आपली होत नाही. त्याच्याकडून हळूहळू काम काढून घ्यावे. ८० च्या लयीत वाजवायचे असेल तर मेट्रोनोम ४० वर लावावा आणि त्याचे ठोके दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडत आहेत असे धरून पहिली व तिसरी मात्रा स्वतः मोजावी. सुरुवातीला ठोका आपोआप पहिल्या मात्रेवर सरकतो. तसे झाले की थांबून तोंडाने ‘एक दोन तीन चार’ म्हणत पुन्हा सुरू करावे. हे स्थिरावले की पूर्ण बारमध्ये एकच ठोका ठेवावा. जुने चावीचे मेट्रोनोम साधारणपणे ४० ते २०८ या मर्यादेत चालतात, त्यामुळे त्यांवर बारला एक ठोका मिळवायचा तर लय १६० ची घ्यावी लागते. अ‍ॅपवर २० पर्यंत खाली जाता येत असेल तर ८० च्याच लयीत बारला एक ठोका मिळतो आणि दोन ठोक्यांमध्ये पूर्ण तीन सेकंदांची रिकामी जागा राहते. त्या तीन सेकंदांत आपण घाई करतो की रेंगाळतो हे लपवता येत नाही. बहुतेकांची घाईच होते, आणि तीही नेमकी स्वर बदलताना किंवा तार ओलांडताना.

रिकाम्या जागेत मात्रेचे भाग मनात चालू ठेवणे हाच उपाय. ‘तकदिमी’ म्हणत मात्रेचे चार भाग आणि ‘तकिट’ म्हणत तीन भाग आलटून-पालटून करावेत. आधी टाळी देऊन, मग एकाच स्वरावर, शेवटी मंद्रसप्तक यांच्या चार कॉर्डवर. चारवरून तीनवर जाताना मात्रा लांबली नाही ना, एवढेच पाहावे.

आणि वाजवलेले रेकॉर्ड करून ऐकावे. वाजवत असताना आपले लक्ष पुढच्या स्वरावर असते, त्यामुळे स्वर कुठे पडतो आहे हे त्या वेळी खरेपणाने ऐकूच येत नाही. लगेच ऐकू नये. काही तासांनी, शक्य तर दुसऱ्या दिवशी ऐकावे.

प्रतिसाद : रोखठोक

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी बव्हंशी सहमत आहे, पण ‘नवी तंत्रे बाजूला ठेवतो’ या तुमच्या वाक्याबद्दल थोडी धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. कान तयार झाला आणि हात तयार नसला तर मनातला स्वर तारेवर वेळेत येत नाही आणि वादक पुन्हा सवयीच्या आकृत्यांकडे वळतो. संगीतभानाच्या नावाखाली ढिसाळ हात खपवून घेणारे वादक मी पुष्कळ ऐकले आहेत.

फक्त कोणते तंत्र, हे नीट निवडावे. वेग आणि स्लॅप यांची तुम्हाला सध्या निकड नाही, तारा दाबून गप्प ठेवण्याची आहे. बेसची जी तार तुम्ही वाजवत नाही तीही शेजारच्या तारेच्या कंपनाने गुंजू लागते, आणि मंद्र सप्तकात असे दोन स्वर एकत्र मिसळले की नुसता घोंघाट उरतो. ठायलय यांनी सांगितलेला ‘स्नेअरवर थांबा’ हा सराव दोन्ही हातांनी तारा म्यूट करता आल्याशिवाय साधणारच नाही. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर (तारांखालच्या ध्वनिग्राहकावर) खिळवून न ठेवता वाजवलेल्या तारेच्या वरच्या जाड तारांवर टेकवत न्यावा आणि डाव्या हाताची मोकळी बोटे बारीक तारांवर हलकी टेकलेली ठेवावीत.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. चार बोटांना चार फ्रेट ही पद्धत सर्रास शिकवली जाते; पण ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर सुमारे १३ सेंटिमीटर भरते आणि तिथे हात ताणून धरल्याने मनगट आखडते. खालच्या फ्रेटवर डबल बेसवाले (व्हायोलिनसारखे पण उभे धरायचे मोठे वाद्य वाजवणारे) वापरतात ती पद्धत घ्यावी: पहिले बोट, दुसरे बोट आणि तिसऱ्याच्या आधाराने करंगळी, म्हणजे एका जागी तीनच फ्रेट, आणि गरज पडेल तसा सगळा हात सरकवायचा. पाचव्या फ्रेटच्या पुढे अंतरे कमी होत जातात, तिथे चार बोटे मोकळेपणाने वापरावीत. मनगटात किंवा बोटांत दुखू लागले तर वाजवणे त्या क्षणी थांबवावे.

हेही खरे, की तंत्राची व्याप्ती आणि संगीताची खोली यांचे प्रमाण सरळ नसते. मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांवर ज्यांचा बेस ऐकू येतो ते जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवत. डबल बेसवरून आलेले असल्याने ती सवय त्यांच्या हातात होती. त्या एका बोटाने त्यांनी मूळ स्वराभोवती अर्ध्या स्वरांच्या वाटा, मात्रेच्या मधोमध पडणारे आघात आणि मध्येच सोडलेली मोकळी तार यांची जी गुंफण केली, तिचा अभ्यास आजही दोन-दोन बोटे सफाईने चालवणारे करत असतात. मात्र ते एक बोट किती नेमके होते, हेही त्यासोबत ऐकावे.

मेट्रोनोमबद्दल दुसरी बाजूही सांगायला हवी. जेफ बर्लिन हे नावाजलेले बेसवादक आणि शिक्षक मेट्रोनोम लावून शिकण्याला अनेक वर्षे जाहीर विरोध करत आले आहेत. नवा मजकूर शिकताना स्वर समजून घेणे महत्त्वाचे आहे आणि त्या अवस्थेत वेळेचे बंधन लादल्याने शिकणे बिघडते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मला तो पूर्ण पटत नाही, पण त्यातला एक भाग खरा आहे: कॉर्डचे स्वर शोधत असताना घड्याळाच्या मागे धावू नये. आधी लयीशिवाय, वाटेल तितका वेळ घेऊन स्वर शोधावेत, आणि ते हाती आल्यावरच मेट्रोनोम सुरू करावा. दोन वेगळी कामे एकाच वेळी केली की दोन्ही कच्ची राहतात.

खर्जवेडा

सर्वांचे मनापासून आभार. चार कॉर्डचा सराव आणि स्नेअरवर थांबण्याचा सराव सुरू केला आहे. रोखठोक, पहिल्या फ्रेटवर हात आखडण्याचा अनुभव मला नेहमीच येतो, त्यामुळे तुमची सूचना अगदी वेळेवर मिळाली.

एक नवी अडचण विचारतो. टॅब न पाहता ऐकून बेसलाइन उतरवायला घेतली, तर वरचे स्वर ओळखता येतात, पण ई तारेवरचे खालचे स्वर ऐकू येतात की नाही याबद्दलच शंका वाटते. एफ आहे की जी, हेही सांगता येत नाही. माझा कानच कच्चा आहे, की सगळ्यांनाच असे होते?

प्रतिसाद : कानसेन

सगळ्यांनाच होते, आणि त्यात कानाइतकाच साधनांचा दोष असतो. ईच्या मोकळ्या तारेची मूळ कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ आहे. फोनचा किंवा लॅपटॉपचा छोटा स्पीकर इतका खालचा आवाज बाहेर टाकूच शकत नाही; आपल्याला ऐकू येतात ती त्याच स्वराची वरची उपकंपने, ८२, १२३ आणि त्यापुढची, आणि त्यांवरून मेंदू खालचा स्वर अंदाजाने जुळवतो. हा अंदाज बहुधा बरोबर असतो, पण शेजारचे स्वर वेगळे करण्याइतका धारदार नसतो. म्हणून ऐकून उतरवताना कान पूर्ण झाकणारे चांगले हेडफोन वापरावेत. आवाज फार वाढवू नये. मोठ्या आवाजात खालचे स्वर अधिक स्पष्ट होण्याऐवजी फुगतात.

त्याशिवाय ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तो तुकडा एक सप्तक वर चढवून ऐकावा. मंद्रातला जो स्वर नुसता गडगडाट वाटत होता तो मध्य सप्तकात आला की सहज गाता येतो. गाता आला की काम झाले. मग बेसवर बाराव्या फ्रेटच्या आसपास शोधावा आणि शेवटी खालच्या सप्तकात न्यावा. तुकडा एका वेळी एका बारपेक्षा मोठा घेऊ नये. आधी फक्त पहिल्या मात्रेवरचा स्वर सगळ्या बारमध्ये ओळखून लिहावा, कारण बहुतेक गाण्यांत कॉर्ड तिथेच बदलते. मधले स्वर नंतर त्यांच्या आधाराने आपोआप उलगडतात. वेग अर्ध्यावर आणण्याची सोय शेवटच्या अडलेल्या जागांपुरतीच वापरावी, नाहीतर चाल हरवते आणि हाती नुसते स्वर राहतात.

कानाची धार वाढवण्यासाठी वाद्य लावण्याचे कामच वापरता येईल. ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर आणि ए तारेच्या सातव्या फ्रेटवर बोट नुसते टेकवून हार्मोनिक (तार न दाबता निघणारा बारीक उपस्वर) काढले, की दोन्हींतून एकाच सप्तकातला ई मिळतो. तारा जुळलेल्या नसतील तर दोन्ही आवाज एकत्र वाजताना त्यांत हेलकावा ऐकू येतो, आणि खुंटी हळू फिरवली की तो हेलकावा मंदावत जातो. तो पूर्ण थांबला म्हणजे तारा अचूक जुळल्या, असे सगळे समजतात. प्रत्यक्षात ट्यूनरने अचूक लावलेल्या बेसवर ए तारेवरचे हार्मोनिक सेकंदाला १६५ कंपनांचे आणि ई तारेवरचे सुमारे १६४.८ कंपनांचे असते, म्हणजे साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा राहिलाच पाहिजे. आधी कानाने लावावे, मग ट्यूनरने तपासावे. इतका संथ हेलकावा ज्याला ऐकू येतो, त्याला एफ आणि जी यांतला फरक अवघड राहत नाही.

प्रतिसाद : मंद्रसप्तक

कानसेन यांनी फार उपयुक्त माहिती दिली. आता राहिलेल्या दोन गोष्टी.

नोटेशन शिकावे, पण त्याचा बाऊ करू नये. बेस क्लेफमध्ये (खालच्या स्वरांच्या लेखनासाठीच्या चिन्हात) खालून वर पाच रेषा जी, बी, डी, एफ, ए अशा असतात आणि चिन्हाचे दोन ठिपके एफच्या रेषेच्या वर-खाली बसतात, एवढे लक्षात ठेवून सुरुवात करता येते. ईची मोकळी तार रेषांच्या खाली एका जादा रेघेवर लिहितात. बेसचे लेखन प्रत्यक्ष ध्वनीपेक्षा एक सप्तक वर केलेले असते, त्यामुळे पियानोवर तोच स्वर वाजवून पाहिला तर गोंधळू नये. मला नोटेशनचा मोठा फायदा वाचनापेक्षा लिहिण्यात वाटतो. ऐकून उतरवलेला बार कागदावर लिहायला घेतला, की स्वर किती लांब आहे आणि मात्रेच्या कोणत्या भागावर सुरू होतो याचा निर्णय घ्यावाच लागतो. टॅबमध्ये तो टाळता येतो. आठवड्याला चार बार नीट लिहिले तरी पुरेसे आहे. उतरवायला आधी संथ, कमी स्वरांच्या बेसलाइन घ्याव्यात. ज्या गाण्यांतल्या सोलोमुळे आपल्याला बेसचे वेड लागले, ती गाणी बहुधा या कामाला सर्वांत निरुपयोगी असतात.

तासाची वाटणी फार काटेकोर नको. पहिली दहा-पंधरा मिनिटे गाणे आणि स्वर शोधणे, मग कॉर्डच्या मालिकेवर काम, मग मेट्रोनोम किंवा ड्रमच्या ठेक्यावर लांबीचा सराव, आणि उरलेला वेळ ऐकून उतरवणे, अशी साधारण विभागणी ठेवावी. रोखठोक यांनी सांगितलेले हाताचे काम वेगळे न काढता यांतच मिसळावे, म्हणजे प्रत्येक सरावात शेजारच्या तारा गप्प आहेत ना याकडे कान ठेवावा. थकवा असेल त्या दिवशी बेस पिशवीतच ठेवून फक्त एखादी बेसलाइन पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडाने म्हणावी. तोही पूर्ण सराव समजावा.

राहिला तुमचा मूळ प्रसंग, चारजण बसलेले असताना कॉर्ड सांगून सुरुवात करण्याचा. तिथे पहिल्या आवर्तनात काहीही सुचवण्याचा प्रयत्न करू नका. मूळ स्वर वाजवा, पण किकबरोबर सुरू करून स्नेअरवर थांबवा, आणि कान गाणाऱ्याकडे ठेवा. दुसऱ्या आवर्तनात गाणाऱ्याची ओळ जिथे श्वास घेते तेवढ्याच जागी पुढच्या कॉर्डकडे नेणारा एक स्वर घाला. तिसऱ्या आवर्तनात एखाद्या कॉर्डखाली मूळ स्वराऐवजी तिसरा स्वर लावून पाहा. कीबोर्डवाल्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिले, तर तो स्वर ठेवायचा की काढायचा हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेल.